सिंधुमावशींच्या फळ्यावरचे हिमोग्लोबिन

ज्याला आपण दोन वेळा जेवू घालतो त्याच्या शरीरात काय चालले आहे हे जाणून घेण्याचा अधिकार आपल्याला असतो का, आणि जाणून घेतल्यावर ते त्याच्या घरी कळवण्याचा? या प्रश्नाचे उत्तर पुढील मजकुरात सापडणार नाही. ते शोधण्याचा प्रयत्न मात्र एका बाईने लातूरच्या ट्यूशन एरियात, चौदा मुलींच्या खानावळीत, एक वर्षभर मनापासून केला होता.

सिंधुमावशी मूळच्या औसा तालुक्यातल्या, तेरणेच्या काठच्या. गाव कोणते असे विचारले की त्या नाव सांगत, आणि लगेच "जुनं" असा खुलासा करत. कारण भूकंपानंतर त्याच नावाने वसवलेल्या आखीव गल्ल्यांना त्यांनी कधी आपले गाव मानले नाही. १९९३ च्या सप्टेंबरच्या तीस तारखेला पहाटे त्यांचे घर बसले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, महानंदाला, लोकांनी सकाळी नवाच्या सुमारास दगडमातीतून बाहेर काढले, तेव्हा तिच्या अंगावर खरचटलेसुद्धा नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली, पाणी पाजले आणि हातपाय मोडलेल्यांच्या रांगेतून तिला बाजूला बसवले. दुसऱ्या दिवशी तिने पोट दुखते म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पोटात रक्तस्राव झाला असावा, असे नंतर कोणीतरी म्हणाले.

मावशींनी डॉक्टरांना कधी दोष दिला नाही. "त्यांनी वरून पाह्यलं," त्या म्हणत, "वरून पोरगी चांगलीच होती की. मीबी वरूनच पाह्यलं." पुढे मात्र वरून पाहून कशावर विश्वास ठेवणे त्यांना जमेनासे झाले. ज्वारीचे पोते उसवून मधली मूठ तळहातावर घेतल्याशिवाय त्या पोते घरात येऊ देत नसत. हा त्यांचा चोखंदळपणा आहे अशी दुकानदारांची समजूत होती.

पती धोंडप्पा यांना १९९७ मध्ये लातुरात एका महाविद्यालयात पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि कुटुंब शहरात आले. तो काळ लातूरच्या निकालांचा डंका राज्यभर वाजू लागल्याचा होता. मावशींनी आधी नात्यातल्या दोन मुलींना जेवायला घातले, मग सहा, मग दहा. धोंडप्पा २०११ मध्ये वारले, तोवर खानावळीवर मुलींना राहायला एक मजला चढला होता. जून महिन्यात आईबाप मुलीला घेऊन येत, गादी टाकत, चार भांडी लावत आणि निघताना उंबऱ्यात उभे राहून म्हणत, "मावशी, लक्ष असू द्या." हे चार शब्द मावशी फार गंभीरपणे घेत. भाजी-भाकरी हा व्यवहार झाला. हे चार शब्द त्यांच्या लेखी खरी जबाबदारी होती.

ज्या वर्षी लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आले, त्या २०१६ च्या ऑगस्टमध्ये खानावळीतली एक मुलगी शिकवणीच्या वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी असल्याचे सांगितले. मावशींना ते फार लागले. ती मुलगी वर्षभर त्यांच्या पंगतीला जेवत होती, गालांनी भरली होती, हसत होती. वरून चांगलीच होती. मावशी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने लातूरजवळच्या मुरुडला गेल्या. तिथे त्यांच्या मोठ्या दिरांचा मुलगा मल्लिकार्जुन याचे औषधांचे दुकान होते.

"काकू, ही पेटी घरच्या घरी तपासायची," मल्लिकार्जुन म्हणाला. "ही पट्टी साखरेची, ही हिमोग्लोबिनची. एक थेंब लागतो."

"डाक्टर लागत न्हाई?"

"मोजायला लागत नाही. समजायला लागतो. आकडा कमी दिसला की खऱ्या लॅबमध्ये जायचं, एवढंच हिचं काम. आता आधी तुमचं बोट द्या."

"माझं कशाला? मी काय परीक्षेला बसलेय?"

तरी त्याने सुई टोचलीच. सकाळपासून मावशींनी काही खाल्ले नव्हते, आणि साखर एकशे अठ्ठेचाळीस भरली. "काकू, पोरींचं राहू द्या, तुमचंच बघा," तो म्हणाला. मावशींनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. बाकीचे सगळे मात्र नीट पाठ करून घेतले. हात कोमट पाण्याने धुवायचे आणि पुसून कोरडे करायचे. बोटाच्या शेंड्याला मधोमध नव्हे, कडेला टोचायचे. पहिला थेंब पुसून टाकायचा. बोट दाबून दाबून रक्त काढायचे नाही, आकडा खोटा येतो. एक सुई एकीलाच. पट्ट्या उन्हाच्या जागी ठेवायच्या नाहीत. मावशींनी पेटी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली, कारण मे महिन्यातही तो कोनाडा गार राही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी चौदा मुलींची बोटे टोचली गेली. जेवणघरात एक फळा होता; त्यावर रोजची भाजी आणि पाणी भरण्याच्या पाळ्या लिहिलेल्या असत. लक्षात राहावे म्हणून मावशींनी त्याच फळ्यावर नावांसमोर आकडे लिहिले. संध्याकाळी पाहतात तो मुलींनी यादी पुसून उतरत्या क्रमाने नव्याने लिहिलेली. पहिल्या नावासमोर चांदणी काढलेली. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. ज्या गल्लीत दर सोमवारी शेकडो मुलांचे गुण क्रमांकासह भिंतीवर लागतात, तिथे क्रमांकाशिवायचा आकडा अपुराच वाटतो.

"मावशी, कट-ऑफ किती?" पहिली आलेली मुग्धा ओरडली. ती नांदेडच्या एका शिक्षक दांपत्याची मुलगी; बोलण्यात धीट, अभ्यासात त्याहून धीट.

"बारा," मावशी म्हणाल्या.

"आणि नापास झालं तर?"

"बाराच्या खाली जी येईल तिला रोज गूळ-शेंगदाण्याचा लाडू. चहासंगट, माझ्यासमोर बसून. आन् दहाच्या खाली गेली की घरी फोन. मग मावशीनं सांगितलं न्हाई म्हणू नका."

मुली हसल्या. चौदापैकी एक हसली नाही. यादीत सर्वांत खाली तिचे नाव होते: तनुजा, दहा पूर्णांक सहा.

तनुजा किनवट तालुक्यातल्या एका लहान गावाची. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत थोडक्यात राहिलेली, म्हणून आणखी एक वर्ष लातुरात. हे वर्ष तिने वडिलांकडून, दगडोबांकडून, भांडून मिळवले होते. दोन वर्षांपूर्वी तिची आई काविळीने गेली होती; रोग दिसेपर्यंत आणि नांदेडला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. दगडोबांनी मुलीला सोडताना सगळ्यांसमोर अट सांगितली होती: "एक वरीस देतो. पन आजारी पडलीस, तर त्याच दिवशी घरी. मंग पुस्तकं बांधून ठेवायची." आजार म्हणजे काय, ताप की नुसता आकडा, हे त्या अटीत ठरलेले नव्हते.

ऑक्टोबरात तनुजाचा आकडा दहा पूर्णांक एक आला. लाडू चालू होता, चहा चालू होता, आणि मुलगी दिवसाचे तेरा तास खुर्चीत होती. नोव्हेंबरात मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्याला हिरवी पट्टी होती म्हणून टोचण्याचे काम मुग्धाने स्वतःकडे घेतले. "मावशी, आम्ही होणारच आहोत डॉक्टर. सराव होईल," ती म्हणाली. त्या महिन्यात तनुजाचा आकडा आला बारा पूर्णांक सात. पट्टी निघाल्यावरही टोचण्याचे काम मुग्धाकडेच राहिले; डिसेंबरात आकडा आला बारा पूर्णांक नऊ.

मावशींच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यांनी मल्लिकार्जुनला फोन करून सांगितले. शेजारच्या दोन खानावळींतून लाडवाची कृती विचारायला बायका आल्या. "गूळ काळा घ्या, अळीव विसरू नका," मावशी सांगत आणि तनुजाला हाक मारून दाखवत, "ही बघा, दहाची तेरा झाली." तनुजा मान खाली घालून उभी राही. लोकांना तो तिचा विनय वाटे.

जानेवारीत फळ्याचे खडू संपू लागले. मावशींनी आणलेला डबा आठ दिवसांत अर्धा झाला. मुली जमिनीवर सूत्रे लिहीत असतील असे समजून त्यांनी दुसरा डबा आणला. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी बाकी सगळ्या शिकवणीला गेलेल्या असताना त्या जेवणघरात आल्या. तनुजा फळ्याकडे पाठ करून बसली होती. तिचे दात कशावर तरी चालत होते, आणि ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे लागले होते.

"काय खालालीस गं?"

तनुजाने मूठ मागे नेली. मावशींना पुन्हा विचारायची गरज नव्हती. त्यांच्या जुन्या गावात दिवस गेलेल्या बाया चुलीची माती अशीच लपवून खात, आणि जाणत्या बाया म्हणत, हिच्या अंगात रक्त न्हाई. त्यांनी फळ्याकडे पाहिले. तिथे तनुजाच्या नावापुढे, त्यांच्याच हस्ताक्षरात, बारा पूर्णांक आठ होते.

त्यांनी पेटी आणली. तनुजाचा हात धुवून पुसला. डोळा आता बरा झाला होता. पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीवर घेतला. आठ पूर्णांक तीन. दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिले. आठ पूर्णांक एक.

पाच वाजता मुग्धा शिकवणीहून आली. मावशींनी तिला दारातच गाठले.

"हिच्या नावावर कुणाचं रक्त लावलंस?"

मुग्धाचा चेहरा पडला. "माझं," ती म्हणाली. "माझ्याच बोटाचे दोन थेंब, मावशी. एक माझ्या पट्टीवर, एक हिच्या."

"परीक्षेत असं केलं तर काय म्हणतात गं त्याला?"

"डमी."

"कळतंय की मग!"

मावशींच्या मागून तनुजा बोलली. "मावशी, मुग्धाला बोलू नका. मी पाया पडले होते तिच्या. दहाच्या खाली गेलं की घरी फोन, असं तुम्हीच म्हणाला होता. ही परीक्षा तुम्हीच केली."

मावशी खाली बसल्या. त्या दिवशीची भाकरी मुलींनीच थापली.

पुढे या प्रसंगाविषयी बोलताना त्या स्वतःला सोडत नसत. पेटी खोटे बोलली नव्हती. ती ज्याचे रक्त त्याचा आकडा दाखवत होती. आकड्याला क्रमांक जोडला गेला, क्रमांकाला शिक्षा जोडली गेली, आणि मग एका मुलीला स्वतःच्या अशक्तपणापेक्षा फळ्याची भीती जास्त वाटू लागली. आत काय आहे ते दिसावे म्हणून मावशींनी जे आणले, त्यावर त्यांनीच एक नवे "वरून" चढवले होते, आणि तीन महिने त्या तेवढेच पाहत राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तनुजाला एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेतले. आकडा आला सात पूर्णांक आठ. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारले. गेले वर्षभर दर महिन्याला आठ-आठ दिवस रक्त जाते, हे तनुजाने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. खाण्याबद्दल विचारल्यावर मावशींनी लाडवाचे सांगितले, आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "चहासंगट."

"चहाबरोबर देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लाडवावर लिंबूपाणी द्या. पण हिचं आता लाडवावर भागणार नाही. लोहाची इंजेक्शनं सलाईनमधून द्यावी लागतील. चार, एक दिवसाआड. आणि पाळीसाठी औषध. हिला अठरा पूर्ण आहेत?"

"दोन महिने कमी हायेत," मावशी म्हणाल्या.

"मग पालकांची सही लागेल."

कागद पुढे आला. तनुजाने मावशींचा पदर धरला. "मावशी, तुम्ही करा ना सही. मावशी आहात म्हणून लिहा. आठवडाभरात होईल सगळं. बाबांना कळायचंही नाही. परीक्षेला अकरा आठवडे राहिलेत."

मावशींनी पेन उचलले होते. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे वळल्या होत्या. कोणी विचारणार नव्हते. मावशींनी कागदावरची रिकामी रेघ बराच वेळ पाहिली. मग पेन ठेवले आणि दगडोबांना फोन लावला.

दगडोबा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. रेल्वेने नांदेडपर्यंत, तिथून बसने. पायांवर धूळ, हातात डब्याची पिशवी. दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशी उभ्या होत्या.

"बाई, मी पोरगी तुमच्या हवाली केल्ती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून तो अधिक लागला.

"हाव दादा. केल्ती."

"तवा कळलं न्हाई का तुमाला?"

मावशींनी सगळे सांगितले: फळा, क्रमांक, मुग्धाचे रक्त, खडू. आपले चुकले ते आधी सांगितले, मुलींचे नंतर. दगडोबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी काय ऐकून राहिलो ते मलाच कळना. रक्ताचीबी कॉपी? एवढं काय हाय त्या परीक्षेत? डाक्टर व्हो का न व्हो, मला पोरगी जिती पाहिजे. तिची माय अशीच चालती-बोलती होती."

"माझीबी होती," मावशी म्हणाल्या. आणि महानंदाबद्दल, गेल्या कित्येक वर्षांत कोणाला सांगितले नव्हते इतके, त्या उभ्याउभ्याच सांगून गेल्या.

दगडोबांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग तुमी मला शब्द द्या बाई. हिला हितं काई होनार न्हाई म्हनून. देता?"

हा शब्द दिला असता तर कदाचित त्यांनी मुलीला ठेवले असते. मावशींना ते दिसत होते. सलाईनची वाट पाहत आत खाटेवर पडलेली तनुजाही कान लावून होती.

"न्हाई देत," मावशी म्हणाल्या. "एकदा मी वरून बघून गप बसले, आन् एकदा आकडा बघून गप बसले. मी शब्द कशावर देऊ? चार सुया होईस्तोर ऱ्हावा. तुमच्या डोळ्यांनी बघा. तिलाच इचारा. मग न्यायची तर न्या."

दगडोबा आत गेले. "काय होतंय तुला?" त्यांनी विचारले, आणि बहुधा पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.

"दम लागतो बाबा," तनुजा म्हणाली. "जिना चढवत नाही. दिवाळीपासून. वाचलेलं डोळ्यांपुढून सरकतं." मग म्हणाली, "पण मला परीक्षा द्यायची आहे."

दगडोबांनी कागदावर सही केली. आठवडाभर ते गल्लीतल्या मठात राहिले आणि एक दिवसाआड मुलीच्या खाटेशी बसून बाटलीतले तपकिरी थेंब मोजल्यासारखे पाहत राहिले. अधल्यामधल्या दिवशी ते खानावळीत येऊन शेंगा फोडून देत. मुग्धा त्यांना टाळत होती; एकदा त्यांनीच तिला हाक मारली. "पोरी, रक्त दिलंस ते बरं केलंस, पन जागा चुकली," ते म्हणाले. ती रडली, मग हसली.

चौथी सलाईन झाल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. ते तनुजाला घरी नेणार होते. पुस्तके बांधून ठेवायची नव्हती. पुस्तके सोबत जाणार होती. दर पंधरा दिवसांनी नांदेडला रक्त तपासायचे, आणि परीक्षा नांदेडच्या केंद्रावर द्यायची. "तुमचं चुकलं म्हनत न्हाई मी बाई," ते मावशींना म्हणाले. "पन मला ती दिसली पाहिजे. रोज. तेवढं समजून घ्या."

मावशींनी समजून घेतले. तनुजाने मात्र समजून घेतले नाही. शिकवणीचे शेवटचे दोन महिने, उजळणी, सराव चाचण्या, सगळे लातुरात राहणार होते. ट्रंक रिक्षात चढली तरी ती मावशींशी बोलली नाही. सही केली असती तर मी इथेच असते, हे तिने न बोलता सांगितले.

मार्चच्या पहिल्या रविवारी पेटी पुन्हा कोनाड्यातून निघाली. आता एकेकीला देवघरात बोलावले जाई. आकडा तिचा तिने पाहायचा, आणि कोणाला सांगायचा ते तिने मावशींबरोबर बसून ठरवायचे. या पद्धतीत एखादी लपवू शकते, हे मावशींना ठाऊक होते. शेवटी त्या स्वतःच्या बोटाला टोचत. मल्लिकार्जुनच्या तगाद्याने त्यांनी साखरेची गोळी सुरू केली होती.

तनुजाने त्या वर्षी मे महिन्यात नांदेडच्या केंद्रावर परीक्षा दिली. वैद्यकीय प्रवेशाइतके गुण तिला पडले नाहीत. २०१८ मध्ये तिने नांदेडला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती भोकरच्या एका खाजगी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली.